विश्लेषण : पोलादाला ‘नंबर’ देणारे योहान ब्रिनेल कोण होते? जाड प्लेटच्या वेल्डिंगशी त्यांचा संबंध काय?

पूल, जहाज किंवा उंच इमारतीचा सांगाडा उभारताना जाड पोलादी प्लेट वेल्डिंगने जोडल्या जातात. बाहेरून गुळगुळीत दिसणारा हा सांधा आतून ठिसूळ झाला आहे का, हे ओळखण्याचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे त्याचा कठीणपणा, म्हणजेच हार्डनेस, मोजणे. हा गुण मोजण्याची सोपी आणि सर्वत्र चालणारी पद्धत स्वीडनमधील एका पोलाद कारखान्याच्या मुख्य अभियंत्याने १९०० मध्ये जगापुढे ठेवली. वर्कशॉपमध्ये रोज उच्चारल्या जाणाऱ्या ‘बीएचएन’ या तीन अक्षरांतील ‘बी’ म्हणजे योहान आउगुस्ट ब्रिनेल. त्यांची चाचणी कशी जन्मली, वेल्डिंगच्या सांध्यावर ती कुठे अपुरी पडली आणि तरीही तिचा हिशेब आजवर कसा टिकला, याविषयी...

ब्रिनेल यांची जडणघडण कशी झाली?

ब्रिनेल यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८४९ रोजी दक्षिण स्वीडनच्या स्मोलँड प्रांतातील ब्रिंगेटोफ्टा येथे झाला. बोरोस शहरातील तांत्रिक शाळेत शिक्षण घेऊन ते १८७१ मध्ये बाहेर पडले. सुरुवातीची काही वर्षे त्यांनी यंत्रशाळांमध्ये काम केले. १८७५ मध्ये ते लेसयोफॉर्स येथील लोखंड कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाले आणि १८८२ मध्ये फागेर्स्टा येथील कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. पुढची सुमारे २० वर्षे त्यांनी तिथेच काढली. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते, ते याच काळातले.

त्या वेळी स्वीडनचे लोखंड आणि पोलाद युरोपभर दर्जेदार मानले जाई. मात्र पोलाद बनवण्याच्या पद्धती झपाट्याने बदलत होत्या. बेसेमर आणि ओपन हार्थ भट्ट्यांमुळे पोलाद स्वस्त आणि मुबलक झाले होते. रेल्वेचे रूळ, बॉयलर, पूल, तोफा अशा सर्वच ठिकाणी ते वापरले जात होते. प्रत्येक घाणीतून निघणारे पोलाद थोडे वेगळे असे आणि ते कसे आहे, हे ग्राहकाला आकड्यात सांगण्याची सोपी सोय नव्हती. दर्जावर नाव कमावलेल्या कारखान्याच्या मुख्य अभियंत्यापुढे हा प्रश्न रोजचाच होता.

त्यांचे पहिले मोठे संशोधन कोणते?

ब्रिनेल यांचे नाव गोळीच्या चाचणीशी जोडले जात असले, तरी त्यांचे पहिले महत्त्वाचे काम वेगळे होते. पोलाद तापवल्यावर आणि थंड केल्यावर त्याच्या आत काय बदलते, हा त्यांचा विषय होता. लोहार पिढ्यान् पिढ्या पोलादाला पाणी पाजत आले होते. लाल तापलेले पाते पाण्यात बुडवले की ते कडक होते आणि पुन्हा थोडे तापवले की चिवट होते, हे हाताला ठाऊक होते. त्यामागचे नियम मात्र धूसर होते.

ब्रिनेल यांनी पोलादाचे नमुने वेगवेगळ्या तापमानापर्यंत नेले, काही झटकन तर काही सावकाश थंड केले आणि नंतर ते तोडून भंगलेल्या पृष्ठभागाचा पोत तपासला. कुठे दाणे भरड, कुठे बारीक, कुठे चकाकी, कुठे मंदपणा याची त्यांनी पद्धतशीर नोंद केली. पोलादातील कार्बन दोन स्थितींत असतो आणि थंड होण्याच्या वेगावर त्यातली कोणती टिकेल हे ठरते, असे त्यांचे निष्कर्ष सांगत होते. हे काम १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि धातुशास्त्राच्या वर्तुळात त्याची दखल घेतली गेली. पोलाद किती वेगाने थंड झाले यावर त्याचा स्वभाव ठरतो, हा त्यातला धडा. वेल्डिंगच्या सांध्याचे सारे दुखणे पुढे याच धड्यापाशी येऊन थांबणार होते.

गोळीची कल्पना काय होती?

पोलाद तपासण्याचा तेव्हाचा खात्रीचा मार्ग म्हणजे ताणचाचणी. त्यासाठी नमुना कापायचा, लेथवर घडवायचा आणि यंत्रात ओढून तोडायचा. त्यात वेळ आणि पैसा जाई आणि जो तुकडा तपासला तो निकामी होई. कठीणपणा मोजण्यासाठी कानस चालवून पाहणे किंवा ओरखडा काढून पाहणे असे उपाय होते. खनिजांसाठी मोस यांची १ ते १० ची ओरखड्यांची श्रेणी १८१२ पासून होती, पण दोन प्रकारच्या पोलादांमधला बारीक फरक तिच्यात दिसत नसे. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकात दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर काय होते याचे गणित मांडले होते, पण कारखान्यात रोज वापरता येईल असे साधन त्यातून आले नव्हते.

ब्रिनेल यांनी वाट सोपी केली. १० मिलिमीटर व्यासाची कडक पोलादी गोळी घ्यायची, ती ३००० किलोच्या भाराने नमुन्यावर दाबायची, काही सेकंदांनी भार काढायचा आणि उमटलेल्या गोल खड्ड्याचा व्यास सूक्ष्मदर्शकाने मोजायचा. भाराला खड्ड्याच्या वक्र पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले की आकडा मिळतो. खड्डा ५ मिलिमीटरचा असेल तर तो आकडा सुमारे १४३ येतो, ४ मिलिमीटरचा असेल तर २२९ आणि ३ मिलिमीटरचा असेल तर ४१५. खड्डा लहान तितके पोलाद कठीण.

या पद्धतीचे खरे बळ आणखी एका गोष्टीत होते. साध्या पोलादात कठीणपणाचा आकडा आणि ताणबल यांचे प्रमाण जवळपास कायम राहते. ब्रिनेल आकड्याला साधारण ३.४५ ने गुणले की ताणबलाचा अंदाज मेगापास्कलमध्ये मिळतो. म्हणजे १४३ आकड्याच्या प्लेटचे ताणबल सुमारे ४९० मेगापास्कल. प्लेट न कापता, न तोडता, केवळ एका खड्ड्यावरून तिची ताकद सांगता येऊ लागली.

जगाने ती कशी स्वीकारली?

१९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ही पद्धत मांडली गेली आणि तिथे ब्रिनेल यांचा गौरव झाला. पुढच्याच वर्षी आक्सेल वालबर्ग यांनी ब्रिटनच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटपुढे ती इंग्रजीत सविस्तर सादर केली. त्यानंतर प्रसार वेगाने झाला. १९०७ मध्ये याच संस्थेने ब्रिनेल यांना बेसेमर सुवर्णपदक दिले. पोलाद क्षेत्रातला हा मोठा मान होता.

टीकाही झाली. १९०८ मध्ये जर्मनीत ऑयगेन मायर यांनी दाखवून दिले की, त्याच पोलादावर भार बदलला की ब्रिनेलचा आकडाही थोडा बदलतो. म्हणून भार आणि गोळीचा व्यास यांचे गुणोत्तर ठरवून घेण्याची शिस्त आली. दुसरी अडचण गोळीची होती. नमुनाच फार कठीण असेल तर पोलादी गोळी स्वतः चपटी होई. आज त्यामुळे टंगस्टन कार्बाइडची गोळी वापरतात. भारतीय मानकांतही ब्रिनेल चाचणीसाठी आयएस १५०० हे स्वतंत्र मानक आहे.

१९०३ मध्ये ब्रिनेल यांनी फागेर्स्टा सोडले आणि ते स्वीडनच्या लोखंड उत्पादकांची १७४७ पासूनची संस्था असलेल्या येर्नकोंटोरेटचे मुख्य अभियंता झाले. १९१४ पर्यंत ते त्या पदावर होते. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. घासून झिजणाऱ्या धातूंची परीक्षा कशी घ्यावी, यावरचे त्यांचे काम १९२१ मध्ये, त्यांच्या सत्तरीनंतर, प्रसिद्ध झाले. १७ नोव्हेंबर १९२५ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. ७६ व्या वाढदिवसाला तेव्हा चारच दिवस उरले होते.

वेल्डिंग या गोष्टीत कुठून आले?

ब्रिनेल यांनी चाचणी मांडली तेव्हा पूल आणि जहाजे रिव्हेट ठोकून बांधली जात. गंमत अशी की, रिव्हेटची सद्दी संपवणाऱ्या तंत्रातही एका स्वीडिश अभियंत्याचाच मोठा वाटा होता. ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०४ मध्ये गोथेनबर्ग येथे एसाब ही कंपनी स्थापन केली आणि त्याच दशकात लेप दिलेल्या वेल्डिंग इलेक्ट्रोडचे पेटंट घेतले. या लेपामुळे वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण होऊ लागले आणि भरवशाचा सांधा शक्य झाला. एकाच देशात, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, पोलाद जोडण्याचे नवे साधन आणि पोलाद पारखण्याचे नवे साधन तयार झाले. पण जाड प्लेटचे वेल्डिंग सर्रास होईपर्यंत ब्रिनेल हयात नव्हते.

जाड प्लेटच्या सांध्यात नेमके काय बिघडते?

वेल्डिंग करताना सांध्याजवळचे पोलाद वितळते आणि त्याला लागून असलेला काही मिलिमीटर रुंदीचा पट्टा न वितळता लाल होतो. यालाच उष्णताबाधित पट्टा म्हणतात. पातळ पत्र्यात ही उष्णता हळूहळू ओसरते. जाड प्लेट मात्र चहूबाजूंनी उष्णता ओढून घेते. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवतो, तसेच काहीसे इथे घडते. फरक इतकाच की, इथे पाण्याचे काम थंड प्लेटच करते. ब्रिनेल यांनी १८८५ मध्ये जे दाखवले तेच पुन्हा होते. झटकन थंड झालेला पट्टा अतिशय कठीण आणि त्याबरोबर ठिसूळ बनतो. मूळ प्लेटचा आकडा १५० च्या आसपास असताना हा अरुंद पट्टा ४०० च्या वर जाऊ शकतो.

ही जागा आणखी एका कारणाने घातक ठरते. इलेक्ट्रोडच्या लेपातील ओलाव्यातून हायड्रोजन सांध्यात शिरतो. कठीण पट्टा, हायड्रोजन आणि आकुंचनामुळे आलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की भेग पडते. ती लगेच दिसेलच असे नाही. काम संपल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही ती उमटते, म्हणून अनेक कामांत अंतिम तपासणी ४८ तास थांबून केली जाते. विशेष म्हणजे मोठ्या वेल्डपेक्षा लहान वेल्ड जास्त धोक्याचा. जाड प्लेटवर मारलेला छोटा टाका कमी उष्णता देतो आणि म्हणून क्षणात गार होतो.

याची किंमत कधी मोजावी लागली?

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात यारा नदीवरचा किंग्ज ब्रिज १९६१ मध्ये खुला झाला. सुमारे १५ महिन्यांनी, १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी, ४५ टनांच्या आसपास वजनाचे एक वाहन त्यावरून जात असताना एका गाळ्याचे गर्डर भंगले. हा भार पुलाच्या क्षमतेच्या आतला होता. गाळा खाली बसला, पण पूर्ण कोसळला नाही आणि कोणाचा जीव गेला नाही.

चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. गर्डरसाठी वापरलेले उच्च ताणबलाचे पोलाद वेल्डिंगला अवघड होते. त्यात कार्बन आणि मँगेनीज यांचे प्रमाण असे होते की, उष्णताबाधित पट्टा कठीण होण्याचा धोका वाढला. गर्डरच्या खालच्या पट्टीला जोडलेल्या आच्छादक प्लेटच्या टोकाशी जो आडवा वेल्ड होता, त्याच्या कडेपासून भेगा सुरू झाल्या होत्या. त्यातल्या काही तर गर्डर कारखान्यात असतानाच पडल्या होत्या. पूल वाहतुकीला खुला होण्याआधीच दोष आत होता आणि तपासणीतून तो निसटला होता. गणित बरोबर असूनही काही मिलिमीटरचा पट्टा पूल पाडू शकतो, हा धडा जगभरच्या अभियंत्यांनी घेतला.

मग ब्रिनेलची गोळी सांध्यावर का चालत नाही?

इथेच ब्रिनेल यांच्या पद्धतीची मर्यादा उघड होते. बांधकामाच्या पोलादावर १० मिलिमीटरची गोळी सुमारे ५ मिलिमीटरचा खड्डा पाडते. उष्णताबाधित पट्टा बऱ्याचदा २ ते ४ मिलिमीटरचाच असतो. म्हणजे एकाच खड्ड्याखाली वेल्डचा धातू, कठीण पट्टा आणि मूळ प्लेट असे तिघेही येतात. मिळणारा आकडा या सगळ्यांची सरासरी असतो. ज्या जागेची भीती, तीच जागा सरासरीत लपून जाते.

याला उत्तर इंग्लंडमधून आले. विकर्स कंपनीतील रॉबर्ट स्मिथ आणि जॉर्ज सँडलँड यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी गोळीऐवजी हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड वापरला. १० किलोच्या भाराखाली ३५० आकड्याच्या पोलादावर त्याचा ठसा जेमतेम पाव मिलिमीटरचा उमटतो. त्यामुळे अरुंद पट्ट्यातही एकामागून एक ठसे घेता येतात.

पण विकर्सच्या पिरॅमिडमध्येही ब्रिनेल आहेतच. पिरॅमिडच्या समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंश ठेवण्यामागे एक कारण होते. ब्रिनेल चाचणीत खड्ड्याचा व्यास गोळीच्या व्यासाच्या पाव ते निम्म्या पटीत असावा, असा संकेत होता. त्याचा मध्य म्हणजे ०.३७५ पट. अशा खड्ड्याच्या काठावर गोळीला स्पर्शरेषा काढल्या तर त्यांच्यात १३६ अंशांचा कोन होतो. विकर्सचे आकडे ब्रिनेलच्या आकड्यांशी जुळावेत, म्हणून हाच कोन निवडला गेला. अभियंत्यांना जुने तक्ते फेकून द्यावे लागले नाहीत.

आज सांध्याची चाचणी कशी होते?

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी त्याच जाडीच्या, त्याच प्रतीच्या प्लेटवर नमुना सांधा केला जातो. तो आडवा कापतात, घासून आरशासारखा गुळगुळीत करतात आणि सौम्य आम्लाने धुतात. मग वेल्ड, उष्णताबाधित पट्टा आणि मूळ प्लेट यांच्या सीमा डोळ्यांना दिसतात. पृष्ठभागाच्या खाली २ मिलिमीटरच्या आत एका ओळीत, मूळ प्लेटपासून वेल्ड ओलांडून दुसऱ्या बाजूपर्यंत ठसे घेतले जातात. वेल्डच्या मुळापाशीही अशीच ओळ असते. वितळलेल्या रेषेला अगदी खेटून घेतलेला ठसा सर्वांत मोलाचा.

उष्णोपचार न केलेल्या साध्या बांधकाम पोलादासाठी अनेक नियमावल्यांमध्ये ३५० ते ३८० विकर्सच्या आसपास कमाल मर्यादा असते. आकडा त्यावर गेला तर उपाय ठरलेले आहेत. प्लेट आधीच १०० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, उष्णता जास्त देऊन थंड होण्याचा वेग कमी करायचा, इलेक्ट्रोड भट्टीत सुकवून वापरायचे किंवा कमी कार्बनची प्लेट निवडायची. एकावर एक थर देताना वरचा थर खालच्या थराचा कठीण पट्टा थोडा नरम करतो. शेवटच्या थराला मात्र हा लाभ मिळत नाही, म्हणून पृष्ठभागाजवळची ओळ महत्त्वाची.

साइटवर सांधा कापता येत नाही. तिथे हातात मावणारी यंत्रे वापरतात. काहींत छोटा ठोकळा आपटून त्याची उसळी मोजतात, तर काहींत हिऱ्याच्या टोकाची कंपने. पोल्डी हातोड्यात तर ब्रिनेलची गोळीच असते. ज्ञात कठीणपणाची पट्टी आणि तपासायची वस्तू यांच्यामध्ये ती धरून एक घाव घालतात आणि दोन्ही खड्ड्यांची तुलना करतात. पृष्ठभाग नीट घासला नसेल तर यातले कोणतेही यंत्र फसवू शकते.

आकडा ठीक आला की सांधा सुरक्षित, असे मात्र नाही. कठीणपणाची चाचणी भेग शोधत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक किंवा चुंबकीय तपासणी लागते. सांधा थंडीत किती चिवट राहील, हे आघातचाचणी सांगते. कठीणपणाचा आकडा इतकेच सांगतो की, भेग पडण्याजोगी परिस्थिती तिथे तयार झाली आहे की नाही. तो आधी मिळणारा इशारा आहे.

ब्रिनेल यांचा वारसा कोणता?

स्टॉकहोममध्ये केटीएच या तंत्रविद्यापीठाच्या परिसरातील एका रस्त्याला ब्रिनेल यांचे नाव आहे. पण त्यांची खरी आठवण कारखान्यांमध्ये निघते. ओतीव भाग, फोर्जिंग आणि जाड प्लेट यांची प्रत पाहण्यासाठी त्यांची गोळी आजही रोज दाबली जाते. भरड दाण्यांच्या धातूत तिचा मोठा खड्डा हाच गुण ठरतो, कारण तिथे सरासरीच हवी असते. वेल्डच्या अरुंद पट्ट्यात तोच दोष ठरतो आणि ते काम विकर्सच्या हिऱ्याकडे जाते.

झटकन थंड झालेले पोलाद कडक होते, हे ब्रिनेल यांनी ऐन उमेदीत अभ्यासले. कडकपणा आकड्यात कसा सांगावा, हे त्यांनी पन्नाशीत दाखवले. या दोन कामांची गाठ जाड प्लेटच्या सांध्यावर पडली, ती त्यांच्या पश्चात. आज नमुना सांधा कापून वितळलेल्या रेषेजवळ पहिला ठसा घेणारा तंत्रज्ञ त्यांचे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारत असतो. आकडा मर्यादेत आला तरच गर्डर पुढे जातो.